बाबांनी मला कसं मारलं

समोर दहा माणसं असोत की पाच हजार, मी हसवून दाखवतो. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत नाटक म्हटलं की श्रीहरी पाहिजेच, असं लोक म्हणतात. मी फक्त त्यांचं सांगतो. आता ज्याला अख्खं गाव तालावर नाचवता येतं, त्याला स्वतःच्या बापाला अर्धा तास सांभाळणं काय अवघड? डाव्या हातचा मळ! असं मला वाटलं होतं.

भानगड मुलाखतीपासून सुरू झाली. नागपूरच्या एका यूट्यूब चॅनेलची पुनम नावाची मुलगी वडशाला आली, आम्हा नाटकवाल्यांचं बालपण विचारायला. माझ्या आधी दोघे बसले. पहिला रेल्वेच्या फलाटावर वाढलेला. दुसऱ्यानं उपाशीपोटी गाणं कसं शिकलो ते असं सांगितलं की कॅमेरा धरणाराही नाक पुसायला लागला. मग माझी पाळी. आणि माझं बालपण म्हणजे काय, दोन्ही वेळा भात आणि वर तळ्यातल्या मासोळ्यांचा रस्सा.

खरं तर मला नट केलं ते बाबांनीच. गावच्या नाटकातला लहान पोरगा ऐनवेळी तापानं फणफणला, तेव्हा बाबांनी मला प्रेक्षकांतून उचललं आणि सरळ स्टेजवर ठेवलं. भीतीनं माझी चड्डी ओली झाली. लोक पोट धरून हसले आणि मला वाटलं, आपण काम चांगलं केलं. त्यानंतर म्हशीच्या शेपटीचे केस कापून बाबा मला डिंकानं मिशी चिकटवायचे. धान मळताना संवाद म्हणून घ्यायचे. सायकलच्या दांडीवर बसवून गावोगावी न्यायचे. मिशी काढताना ओठाची थोडी साल निघायची, तेवढाच काय तो माझा छळ.

असलं गोड बालपण कोण बघणार? मी म्हटलं, "माझ्या बापाला नाटकाचा तिटकारा. तालमीला गेलो की गोठ्यातल्या खुंट्याला बांधून काठीनं फोडायचा." बोलता बोलता डोळ्यांत पाणीही आणलं. तो व्हिडिओ असा चालला की विचारू नका.

महिन्याभरानं पुनमचा फोन. तो गोठा, तो खुंटा आणि तो बाप तिला घरी येऊन दाखवायचा होता. मी हो म्हटलं. म्हटलं, बाबांना त्या दिवशी ताईकडे राजुऱ्याला पाठवून देऊ.

"बाबा, ताई तुमची आठवण काढते. जाऊन या न."

"मंडईच्या दिवशी?" बाबा म्हणाले. "डोक्यावर पडला का तू? ते इथी येऊन राह्यली, अन मी तिथी जाऊ?"

मी कपाळावर हात मारला. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा, रात्री नाटक ठरलेलं; तिला लेकी-जावई, सोयरेधायरे सगळे गावात येतात. घरचा माणूस त्या दिवशी वेशीबाहेर पाऊल टाकत नाही. दरवर्षी दुसऱ्यांच्या मंडया गाजवणारा मी, आपल्याच गावची मंडई विसरलो होतो! मग मी पुनमला सांगून ठेवलं, वडिलांना ऐकू येत नाही, लांबूनच शूटिंग करू.

त्या दिवशी तिला घेऊन अंगणात पाय ठेवला, तर पाहुण्यांनी अंगण भरलेलं. मधे खाटेवर बाबा. त्यांच्याकडे बटणाचा फोन, त्यामुळे माझी मुलाखत त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. आणि राजुऱ्याचे आमचे जावई सुनिल आपला मोबाइल कौतुकानं त्यांच्यासमोर धरून बसलेले. साऱ्या अंगणात माझाच आवाज घुमत होता: "काठीनं फोडायचा."

बाबांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. फोन जावयांना परत दिला. मग माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, नट वाक्य विसरला की पडद्यामागचा माणूस बघतो, तसं.

पुनम त्यांच्या कानाशी जाऊन ओरडली, "काका, तुम्ही श्रीहरीदादांना मारायचे?"

"काऊन ओरडून राह्यली, बाई? ऐकू येते मले." बाबांनी घसा साफ केला. "हो. मारत होतो. लय मारत होतो."

माय चुलीपासून उलथनं घेऊनच बाहेर आली. "अजी, कवा मारलं तुमी याले?"

"तू माहेरी जात होती तवा."

"माहेर तं माहं बाजूच्या गल्लीत हाये. मले ऐकू नाई आलं?"

"तोंड दाबून मारत होतो."

शेजारचे इसरूकाका पूर्वी नाटकात पेटी वाजवायचे. त्यांना राहवेना. "अरे मुखरू, तूच तं याले सायकलीवर बसवून..."

"सायकलीले बांधून मारत होतो," बाबा म्हणाले. "गप बस तू."

मला सहन होईना. मी कॅमेऱ्यासमोर जाऊन म्हणालो, "हे सगळं खोटं आहे. बाबांनी मला बोटसुद्धा लावलं नाही." पुनमचे डोळे भरून आले. "किती मोठं मन आहे, दादा. अजूनही वडिलांना वाचवताय." तेच वाक्य तिनं व्हिडिओच्या शेवटी टाकलं.

ती गेल्यावर मी बाबांना विचारलं, "काऊन असं केलं?"

"जावयासमोर, त्या पोरीसमोर तू खोटा पडला असता," ते म्हणाले आणि पाहुण्यांना जेवायला वाढायला गेले. मला इतकी लाज वाटली की त्या पंगतीत बसण्याची हिंमत झाली नाही.

पुढे काय झालं ते सांगताना आजही मान खाली जाते. सिंदेवाहीच्या बाजारात लोक बाबांकडे बोट दाखवायला लागले. एका रिटायर मास्तरांनी तर त्यांना भाजीच्या दुकानासमोर उभं करून, पोरं मायेनं कशी वाढवावीत ते समजावून सांगितलं. बैलावरही कधी काठी न उगारलेला माझा बाप पिशवी धरून ऐकत उभा. मी भेटेल त्याला खरं सांगत सुटलो. लोक म्हणायचे, "पोरगा असावा तर असा."

आणि मग आमच्या नाटक मंडळाच्या मालकांचा फोन आला. "श्रीहरी, नव्या नाटकात खाष्ट बाप पाहिजे. तुझ्या वडिलांना घेऊन ये." मुलाच्या भूमिकेत मी.

तालमीत बाबांनी काठी उचलली आणि माझ्या पाठीत अशी हाणली की मी पुढचं वाक्य विसरलो. दिग्दर्शक धावत आले. "काका, हळू. नाटकात खोटं मारायचं असतं."

"पोरानं साऱ्या जगाले सांगून ठेवलं हाये, मी कसा मारत होतो ते," बाबा शांतपणे म्हणाले. "आता त्याले खोटं पाडू का?" आणि दुसरी हाणली.

सध्या सीझन जोरात आहे. रोज एका गावात मी कळवळतो आणि बाया पदरानं डोळे पुसतात. मालक तर परवा म्हणाले, "श्रीहरी, इतकी वर्षं उगाच विनोद करत होतास. तुझं खरं काम हे."