एकोणीसपैकी एकोणीस

प्रवासात माणूस हरवतो तो नशिबाने नव्हे, गैरव्यवस्थेने, असं वडगाव निंबाळकरच्या सावळाराम खोमणे यांचं स्पष्ट मत होतं. त्यांचं एखादं मत अस्पष्ट असल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं कारकुनी करून ते निवृत्त झाले होते. तीस वर्षांत काट्यावर चढलेली एकही बैलगाडी वहीत लिहायची राहिली नव्हती. (गाडीत ऊस किती होता हा वेगळा विषय आहे.)

पंच्याण्णव साली त्यांनी गावकऱ्यांना काशीला न्यायचं ठरवलं, त्यामागे भक्ती होतीच. पण इंदापूरही होतं. आदल्या वर्षी इंदापूरची मंडळी काशीला गेली होती आणि येताना त्यांचे एक निवृत्त गुरुजी मधल्याच फलाटावर राहून गेले होते. सहाव्या दिवशी ते आपले आपण घरी आले, तोवर त्यांचा फोटो वर्तमानपत्रात छापून झाला होता. ही बातमी सावळाराम यांनी कात्रण करून ठेवली होती आणि पारावर ते ती वाचून दाखवत.

"इंदापूरकरांनी माणसं नेली," ते म्हणत, "मोजली न्हाईत."

म्हणून त्यांनी 'यात्रा सुरक्षा समिती' नेमली. अध्यक्ष स्वतः, चिटणीस सोनबा, सदस्य बाकी सगळे. प्रत्येकाला छापील नियम दिले. प्रत्येक मोठ्या स्टेशननंतर हजेरी होईल. हजेरीच्या वेळी प्रत्येकाने आपल्या जागेवर बसून हात वर करावा. अध्यक्षांच्या परवानगीशिवाय कुणीही डब्यातून खाली उतरू नये. हरवलेल्या प्रवाशाने घाबरून न जाता ताबडतोब अध्यक्षांशी संपर्क साधावा. (कसा, ते नियमात नव्हतं; हरवणाऱ्यालाही थोडी जबाबदारी असावी.) हजेरीसाठी लांबट वही आणली. तिच्यात स्टेशन, वेळ, संख्या आणि सही असे चार रकाने आखले. नावाचा रकाना आखायला जागा उरली नाही.

एकूण प्रवासी एकोणीस झाले. अठरावा म्हस्कू. तो कन्हेरीचा, बारामती एमआयडीसीत रखवालदार. त्याच्या आज्याबापाची मेंढरं होती. मेंढरं गेली, काठी राहिली. त्याला सामान उचलण्यासाठी घेतला होता. एकोणिसावी नकोशी.

नकोशी ही सावळाराम यांची थोरली बहीण. चार मुलींवर पाचवी झाली म्हणून ते नाव ठेवलं आणि पुढच्याच वर्षी सावळाराम जन्मले. तेव्हा नाव गुणाला आलं असं सगळ्यांचं मत पडलं. चोविसाव्या वर्षी ती विधवा होऊन माहेरी परतली. गेली अडतीस वर्षं ती भावाच्या चार गाईंच्या धारा काढत होती. तिला काशीला न्यावं असं कुणाच्या मनात नव्हतं, पण एकोणीस माणसांच्या दशम्या बांधायच्या, धर्मशाळेत स्वयंपाक करायचा आणि सावळाराम यांच्या पत्नी राजलक्ष्मीवहिनींचे पाय चेपायचे, तर माणूस लागणारच. तिचं दुसरं लुगडं वहिनींच्या ट्रंकेत गेलं. वेगळं गाठोडं घ्यायचं कारणच पडलं नाही.

जाताना सगळं निर्विघ्न पार पडलं. बारामतीहून दौंड, दौंडहून लांबची गाडी. अकरा हजेऱ्या, प्रत्येक वेळी एकोणीस. काशीत गंगेच्या पाण्यात उभं करून सावळाराम यांनी बारावी हजेरी घेतली.

परतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी खैरपुरा नावाच्या स्टेशनात थांबली. जेवणं झाली होती. सावळाराम यांना रक्तदाबाची गोळी घ्यायची होती आणि कॅन रिकामा होता.

"आक्का, तेवढं पानी आन गं," ते म्हणाले.

"उतरू का? नियमात बसंल का?" नकोशीनं विचारलं.

"मी सांगतुय म्हंजी परवानगीच झाली की."

नकोशी कॅन घेऊन उतरली. नळ फलाटाच्या पार टोकाला होता. गाडी सुटली. सावळाराम यांनी सोनबाच्या तांब्यातल्या घोटभर पाण्यावर गोळी गिळली आणि ठरल्याप्रमाणे वही उघडली. सगळ्यांनी हात वर केले. एकोणीस.

यात कसलीही लबाडी नव्हती. खैरपुऱ्याला एक बाई चढली होती. साठीची, डोक्यावर पदर ओढलेला, काखेत गाठोडं. खिडकीशी रिकामी जागा दिसली म्हणून ती बसली, गाठोडं बाकाखाली सारलं. थोड्या वेळाने एक भारदस्त गृहस्थ वही घेऊन आले आणि सगळ्यांनी हात वर केले, तसा तिनेही केला. तिच्याजवळ तिकीट नव्हतं; हात वर केल्याने भागत असेल तर तिची ना नव्हती. पुढे आणखी दोन स्टेशनं गेली, आणखी दोन हजेऱ्या झाल्या, दोन्ही वेळा तिने सगळ्यांत आधी हात वर केला. सावळाराम यांना तिची शिस्त आवडली.

संध्याकाळी सहाला पहिली तक्रार आली.

"आवं, दशम्या का सोडंना झाल्यात?" राजलक्ष्मीवहिनी म्हणाल्या.

कुणीच काही सोडेना. अशा रीतीने अगोदर जेवण बेपत्ता झाल्याचं लक्षात आलं आणि जेवणाचा शोध घेताना नकोशी नसल्याचं उघडकीला आलं. सावळाराम यांनी खिडकीजवळच्या बाईसमोर जाऊन प्रथमच तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांनी वहीकडे पाहिलं. वहीत एकोणीस होते. अक्षर चांगलं असलेल्या माणसालाही बहीण असते, हे नमूद केलं पाहिजे. लहानपणी कालव्यात बुडताना याच बहिणीनं त्यांना शेंडीला धरून वर काढलं होतं, ते त्यांना आठवलं.

साडेसहाला मोठं जंक्शन आलं. गाडी अर्धा तास थांबणार होती. सोनबा धावत जाऊन रेल्वे पोलिसातल्या एका हवालदाराला घेऊन आला. हवालदार शांत होता. रोज कुणी ना कुणी हरवतंच. हरवणाऱ्यांच्या वेगानं आपण पळू लागलो तर आपणही हरवू, हे त्याला अनुभवानं कळलं होतं.

"टिकट कितनों का?"

"उन्नीस का," सावळाराम म्हणाले. "हमारी बहन खैरपुरामें राहिली."

हवालदाराने बोट फिरवत माणसं मोजली. "उन्नीस तो हैं."

"ही बाई आमची न्हाई, साहेब. ये हमारी नहीं."

हवालदाराने बाईकडे तिकीट मागितलं. बाईने हात वर केला. तेव्हा हवालदाराने तिला दंडाला धरून खाली उतरवलं आणि फलाटावरच्या शिपायाच्या हवाली केलं. एक काम तरी मार्गी लागलं.

"अब गिनो, साहेब. अठरा हुए," सोनबा म्हणाला.

"उन्नीसवीं को तो मैंने ही उतारा," हवालदार म्हणाला. "मेरे सामने उतरी है, गुम कैसे हुई?"

त्याचं बोलणं बिनतोड होतं. शिवाय त्याने वही मागून घेतली आणि चाळली. खैरपुऱ्यानंतर तीन नोंदी, तिन्हींत एकोणीस, तिन्हींखाली वळणदार सही. एवढी नीटनेटकी वही त्याने पूर्वी पाहिली नव्हती आणि तसं तो म्हणालाही. तक्रार घ्यायला त्याची हरकत नव्हती. फक्त सावळाराम यांनी एका कागदावर लिहून द्यायचं, की ह्या तिन्ही नोंदी खोट्या आहेत.

सावळाराम यांनी पेन उघडलं.

ते काय विचार करत होते हे सांगणं अवघड नाही. नोंदी खोट्या म्हणजे वही खोटी. वही खोटी म्हणजे काट्यावरची तीस वर्षंही तपासायला निघणार. आणि इंदापूर तर फार लांब नव्हतं. दुसऱ्या बाजूला नकोशी होती, अनोळखी मुलखात, हातात कॅन, तोंडात मराठीशिवाय भाषा नाही. दोन्ही बाजू त्यांनी काट्यावर ठेवल्या. इंजिनाने शिट्टी दिली, तरी काटा स्थिर होईना.

"तात्या, ल्ह्या की," म्हस्कू म्हणाला.

"दौंडाला गेल्यावर रीतसर अर्ज करू," सावळाराम म्हणाले आणि त्यांनी पेन मिटलं. "घाईनं काम बिघडतं."

म्हस्कूने वरच्या फळीवरनं काठी काढली.

"मेंढरं आमी तोंडं बघून मोजायचो, तात्या," तो म्हणाला. "डोकी मोजली की लांडगं बी मेंढरात धरलं जातंय." आणि हलत्या गाडीतनं तो फलाटावर उतरला.

पुढच्या स्टेशनवर हजेरी झाली, सतरा. मात्र आता सावळाराम यांचा मार्ग निष्कंटक होता. प्रवासी क्रमांक अठरा, नाव म्हस्कू, ठिकाण जंक्शनचा फलाट, वेळ सात वाजायला एक मिनिट कमी, साक्षीदार सतरा. एवढी परिपूर्ण तक्रार त्या स्टेशनात पूर्वी आली नसावी. ती दोन मिनिटांत दाखल झाली. (परवानगीशिवाय उतरणे, हा नियमभंगही तीत नोंदवला होता.)

म्हस्कूच्या शोधाला त्याच संध्याकाळी जोर चढला. तारा गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तो खैरपुऱ्याला पाण्याच्या नळाशेजारी बसलेला सापडला. अहवालात लिहिलं होतं: 'बेपत्ता इसम मिळून आला. सोबत एक वृद्ध स्त्री, जिच्याबद्दल तक्रार नाही.'

त्याच्या आधी काय घडलं, ते अहवालात नाही. म्हस्कू पहाटेच्या पॅसेंजरने तिथे पोहोचला, तेव्हा नकोशी नळापाशीच बसून होती. कॅन भरलेला होता. जवळच्या चहावाल्याच्या बायकोनं तिला पोळी दिली होती आणि नकोशीनं तिची भांडी घासून दिली होती.

म्हस्कूला बघून ती पटकन उठली. "सावळ्यानं गोळी घेतली का रं?"

"घेतली."

"कशावर?"

म्हस्कूने काठी नळाला टेकवून ठेवली. मग तिने विचारलं, "मी न्हाय हे कधी कळलं त्यास्नी?"

"जेवाया बसल्यावर."

"व्हय," नकोशी म्हणाली. "तवाच कळायचं." आणि तिने कॅनमधलं पाणी नळाखाली ओतून दिलं.

वाटेत म्हस्कूने तिला तिच्या जागेवर बसलेल्या बाईची हकीगत सांगितली. दोघं पाचव्या दिवशी वडगावला आली. त्याच दिवशी समाजमंदिरात सुरक्षा समितीचा सत्कार होता. इंदापूरकरांना मुद्दाम आमंत्रण होतं. सकाळपर्यंत भाषणात 'जवळपास सर्व प्रवासी' असे शब्द होते. दोघं एसटीतून उतरताना दिसली, तसं सावळाराम यांनी 'जवळपास' खोडलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि पेन हातात होतं.

"बरं झालं आलासा, आक्का," राजलक्ष्मीवहिनी म्हणाल्या. "शंभर मान्साचं जेवान हाय. तुमचं गाठुडं कोपऱ्यात ठिवलंय बगा."

"माझं गाठुडं नव्हतंच," नकोशी म्हणाली.

तिने ते सोडलं. आत जुन्या लुगड्याची दोन टोपडी होती, तीन झबली, एक हातभर गोधडी, काळा दोरा, आणि डब्यात सुंठीचे लाडू, वास येऊ लागलेले.

नकोशी ते तसंच दोन्ही हातांवर घेऊन समाजमंदिरात गेली. सावळाराम यांच्या खांद्यावर शाल पडत होती.

"सावळ्या, माझ्या जाग्यावर बसल्याली ती बाई कुठंय?"

"तिला हवालदारानं उतरवली, आक्का."

"लेकीच्या बाळंतपनाला निघाली हुती ती. नाव काय तिचं?"

सावळाराम यांनी सोनबाकडे पाहिलं. सोनबाने इंदापूरकरांकडे पाहिलं. इंदापूरकर म्हणाले की हा प्रश्न वडगावच्या समितीचा आहे.

जेवण त्या दिवशी राजलक्ष्मीवहिनींना वाढावं लागलं. नकोशी म्हस्कूला घेऊन दौंडला गेली, तिथून जंक्शनला. हवालदाराची बदली झाली होती. त्या संध्याकाळी कुणी बाई उतरवल्याची नोंद नव्हती. ती वेळ म्हस्कूच्या तपासात गेली होती, असं त्यांना सांगण्यात आलं. खैरपुऱ्यालाही तिला कुणी ओळखत नव्हतं. आठव्या दिवशी दोघं गाठोडं घेऊन परत आली. नकोशी आता कन्हेरीत, म्हस्कूच्या आईजवळ राहते. सावळाराम यांच्या चार गाईंना नवीन माणूस लावावं लागलं, आणि दूध कमी येतं अशी तक्रार आहे.

सावळाराम यांनी पुढच्या यात्रेसाठी वहीत नावाचा रकाना वाढवला आहे. मागच्या यात्रेचीही नावं त्यांनी बसून भरली. खैरपुऱ्यानंतरच्या एकोणिसाव्या ओळीपाशी ते थांबले. हवालदाराने त्या बाईला खाली उतरवल्यापासून नकोशीनं तिची विचारपूस करेपर्यंत वाचकांपैकी कुणी एकदा तरी ती कुठे गेली असेल असा विचार केला असल्यास त्यांनी आपलं नाव समितीला कळवावं. ती ओळ कोरीच आहे, कुणाचं तरी नाव घालायचं आहे.