मजीदभाईंची रविवारची रजा

एप्रिल संपता संपता एका रविवारी आमच्या ऑफिसातल्या मजीदभाई मुकादमांची खुर्ची हमखास रिकामी असते. कतारमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो. त्या दिवशी रजा मागणं म्हणजे साहेबाच्या कपाळावर आठी आणणं. पण मजीदभाई मागतात, आणि अर्जात दर वर्षी एकच कारण लिहितात: घरगुती कार्यक्रम.

हा घरगुती कार्यक्रम अमेरिकेत असतो.

तिकडे एक फुटबॉल आहे. नाव पायाचं, पण चेंडू हातात धरून एक जण पळतो आणि बाकीचे धिप्पाड लोक त्याच्या अंगावर पडतात. कॉलेजातून निघालेल्या खेळाडूंना तिथले संघ दर वर्षी पाळीपाळीने निवडतात. तीन दिवस, सात फेऱ्या. पहिल्या फेरीत नाव आलेला पोरगा नवी टोपी घालतो, आईला मिठी मारतो आणि अख्खा देश टाळ्या वाजवतो. मजीदभाई ते बघत नाहीत.

"ते काय बघायचं, साहेब? त्यांना तर सगळेच बघतात!"

त्यांचं लक्ष सातव्या फेरीपासून लागतं, आणि निवड संपली की खरा रंग चढतो. कुणीच न निवडलेली पोरं तेव्हा घरी फोन घेऊन बसलेली असतात, आणि संघ उरलेल्या जागांसाठी त्यांना फोन लावतात. आपल्याकडे तोवर रविवार उजाडलेला असतो. म्हणून रजा.

रत्नागिरीकडच्या माणसाला हा नाद लागला कसा? पंचवीस वर्षांपूर्वी ते इथल्याच दुखानच्या तेलक्षेत्रात हजेरी लिहिणारे टाइमकीपर होते. तिथल्या अमेरिकन साहेबाच्या केबिनमध्ये टीव्ही होता. तेव्हापासून मजीदभाईंच्या वह्या भरतायत. कोण उरला, कोणी बोलावला, सराव शिबिरातून ऑगस्टअखेर कोण टिकला, कोण घरी गेला. मी एकदा विचारलं, "यात गोल कसा होतो?"

"ते मला काय माहीत नाय," ते शांतपणे म्हणाले. "सामना मी कधी पुरता बघितलेला नाय."

पायाने खेळायच्या फुटबॉलचा वर्ल्ड कप आमच्या दारात आला तेव्हा सगळं दोहा मोठमोठ्या खेळाडूंच्या मागे वेडं झालं होतं. हे गृहस्थ प्रत्येक संघाच्या तिसऱ्या गोलकीपरचं नाव पाठ करून होते. तिसरा गोलकीपर म्हणजे दोघे आजारी पडले तरच ज्याचा नंबर लागणार. एका सामन्याचं तिकीट मिळालं, तर खेळ सोडून दुर्बिणीतून राखीव खेळाडूंचा बाक बघत बसले. "जांभई दिली हो त्याने," असं आम्हाला कौतुकाने सांगत होते.

घरीही तेच. दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागात ते आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. रुखसानाभाभी एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "वहिनी, आमच्या ह्यांनी आजवर एक सरळ वांगं घरात आणलेलं नाय. सगळा बाजार उठला की हे जातात. बांगडा पण गिऱ्हाइकांनी दाबून दाबून ठेवलेला." मजीदभाई यावर फक्त आपलं ठरलेलं वाक्य म्हणाले, "उरलेल्यात बघावं." आणि त्या बांगड्याचं कालवण, कबूल करायला हरकत नाही, फक्कड झालं होतं.

मी मात्र पुण्याचा. गुणवत्ता यादीच्या वरच्या टोकाला काय ते जग, अशा घरात वाढलो. माझं इंजिनिअरिंगचं नाव पहिल्या यादीत होतं आणि हे मी आजही ओळख झाल्यावर दोन-तीन वाक्यांत सांगून टाकतो. त्यामुळे मजीदभाईंचा नाद मला गमतीचा वाटे, पण कामात त्याची लुडबूड नको असे.

ती लुडबूड गेल्या हिवाळ्यात झाली. प्लांटच्या शटडाउनसाठी, म्हणजे सगळं बंद ठेवून करायच्या दुरुस्तीसाठी, मला चार इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन हवे होते. भारतातून अकरा जणांच्या व्हिडिओवर मुलाखती घेतल्या. फायली आणून देण्याचं काम मजीदभाईंचं. अकरावा बीडकडचा कोणी ढाकणे. त्याचं नेट तीनदा तुटलं, दोन उत्तरं अर्धी राहिली. मी शून्य देऊन मोकळा झालो आणि वरचे चार निवडले.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर ढाकणेची फाइल सगळ्यात वर. मी ती खाली घातली. जेवून आलो, तर परत वर.

"साहेब, नेट त्याचं तुटलं, हात तर नाय ना तुटले. उरलेल्यात बघा जरा."

"मजीदभाई, हा तुमचा फुटबॉल नाही," मी ताडकन म्हणालो. "शटडाउन आहे. खलास."

"खलास," ते म्हणाले आणि फाइल घेऊन गेले. आवाज चढवल्याचं मला तेव्हाच वाईट वाटलं, पण पुण्याचा माणूस असं लगेच बोलून दाखवत नाही.

आठवड्याने निवडलेल्यांपैकी एकाने दुबईची नोकरी धरली. शटडाउन पंधरा दिवसांवर. एक माणूस कमी म्हणजे रोजची एक पाळी उघडी. भर जेवणाच्या सुट्टीत मी मुकाट्याने फायलींच्या खोलीकडे निघालो, तर आतून मजीदभाईंचा आवाज.

"...नाय बाळा, ह्या वेळी तुझं नाव नाय. हां, नक्की नाय. म्हणून तर सांगतो. वाट बघत बसू नको, दुसरीकडे अर्ज टाक. इन्शाल्ला होईल. आईला सलाम सांग."

त्यांनी फोन ठेवला, यादीत एका नावापुढे खूण केली आणि मला बघून उभे राहिले.

"हे फोन करायला कोणी सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं. नाकारलेल्यांना कळवायची पद्धत आमच्याकडे नाही. कुठेच नसते.

"कोणी नाय," ते म्हणाले. मग फायली नीट केल्यासारखं करत बोलू लागले. "मी पहिली मुलाखत दिली ना मुंबईला, तेव्हा एजंट बोलला, फोन येईल. आमच्या गावात फोन एकच, रेशन दुकानदाराकडे. मी त्याच्या पायरीवर अकरा दिवस बसलो. आई दुपारची भाकरी तिथेच आणून द्यायची. तिला वाटायचं, मी भाकरीला घरी गेलो आणि तेवढ्यात फोन वाजला तर? बाराव्या दिवशी मीच मुंबई गाठली. यादी पहिल्याच दिवशी लागली होती साहेब. माझं नाव नव्हतं." ते हसले. "नाय म्हणायला असा किती वेळ लागतो?"

पुढच्या वर्षी त्यांना दुसऱ्या कुणीतरी घेतलं, ते दुखानला आले आणि केबिनमधल्या टीव्हीवर त्यांना फोनपाशी बसलेली पोरं दिसली. मला एवढी वर्षं वाटत होतं, हा नुसता खेळाचा नाद आहे. मला स्वतःची लाज वाटली.

"ढाकणेला सांगितलंत का?" मी विचारलं.

"नाय," ते खाली बघत म्हणाले. "आठ दिवस झाले. बाकीच्या सगळ्यांना सांगितलं. त्यालाच लावायला हात झाला नाय."

"नंबर द्या. मी परत मुलाखत घेतो. पण पास झाला तरच हं."

"यल्ला, चला," मजीदभाई म्हणाले. त्यांनी नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. स्वतः खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसायला लागले.

पहिली घंटा पुरती वाजलीसुद्धा नाही.

"हॅलो," पलीकडून आवाज आला, "मी इथंच आहे सर."