सोमवारचं भोक

बुधवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मशीनने पोलादाच्या ठोकळ्यात भोक पाडलं. भोक गोल होतं, सुबक होतं, आतून गुळगुळीत होतं. फक्त हवं होतं तिथून बारा मिलिमीटर डावीकडे होतं.

मिस्त्रींनी मशीन थांबवलं, दोनदा मोजलं आणि काचेपलीकडे हाक मारली. "ताई, जरा इकडे या. घाई नाही. व्हायचं ते झालंय."

ताई म्हणजे मशीनचे प्रोग्राम करणाऱ्या बाई. संगणकात सुट्या भागाचं चित्र काढायचं, हत्यार कुठून कसं फिरेल ते ठरवायचं आणि तो प्रोग्राम पेनड्राइव्हवर घालून मिस्त्रींच्या हाती द्यायचा, हे काम त्या नऊ वर्षं करत होत्या. नऊ वर्षांत त्यांचं एकही भोक हललं नव्हतं. आज हललं ते पंपाच्या झाकणाचं. त्याला लागणाऱ्या पोलादाचा हा एकच ठोकळा महिनाभर वाट पाहून आला होता, आणि झाकण न्यायला गिऱ्हाइकाचा माणूस चार वाजता येणार होता.

"मी हे भोक मंगळवारी सरकवलंय," बाई म्हणाल्या. "गिऱ्हाइकाचा फोन आला तेव्हाच."

"मशीनला कुणी कळवलेलं दिसत नाही," मिस्त्री म्हणाले.

या प्रकरणाची सुरुवात सोमवारी झाली. त्याआधी बाईंच्या टेबलावर एक करडा, जाडजूड, घरघरणारा संगणक होता. तो कधी बिघडला नव्हता, पण एका पाहुण्याने त्याच्याकडे बोट दाखवून "हे अजून चालतं?" असं विचारलं आणि कारखान्याच्या मालकांना ते लागलं. त्यांनी जावयाला विचारलं. जावई संगणकातलं काहीतरी करतात, एवढीच घरच्यांना माहिती होती. काय करतात ते विचारण्याची हिंमत लग्न ठरतानाही कुणाला झाली नव्हती. जावयांनी चांदीच्या रंगाचा, ताटाएवढा पातळ लॅपटॉप निवडला. तो आल्यावर कळलं, की बाईंचं सॉफ्टवेअर त्यावर चालतच नाही. त्याची सगळी यंत्रणाच वेगळी. ही गोष्ट सॉफ्टवेअरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेली होती. जावयांनी खोकं वाचलं नव्हतं. ते खोकी वाचणाऱ्यांतले नव्हते.

"काही प्रॉब्लेम नाही, बाबा," ते सासऱ्यांना म्हणाले. "व्हर्च्युअल मशीन करू. म्हणजे या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर. खोलीत खोली."

"मग बाहेरची खोली कशाला?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, तुम्हाला नाही कळायचं ते."

मालक खूश झाले. एका संगणकात दोन आले होते. पोटातला संगणक सुरू व्हायला सात मिनिटं घ्यायचा आणि बाण हलवला की थोडा विचार करून हलायचा, पण पाहुण्यांना ते दिसत नव्हतं. संध्याकाळी जावयांनी जुन्या संगणकातून सगळ्या फाइली आणल्या. झाकणाच्या चार फाइली पाहून त्यांनी नाक मुरडलं. "एक काम, एक फाइल! हा पसारा नको." बाई प्रत्येक बदलाला नवा आकडा देऊन वेगळी फाइल ठेवत, त्या सवयीलाही सोमवारीच निरोप मिळाला. जाता जाता जावयांनी आणखी एक सोय केली. ती कोणती, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

आता बुधवारी मालक आले, त्यांनी भोक पाहिलं आणि जावयांना बोलावून घेतलं. जावयांनी फाइल उघडली. भोक सोमवारच्याच जागी होतं.

"मी बदललं होतं," बाई म्हणाल्या. "शपथ घेऊन सांगते. सहा वाजता सेव्ह केलं, नीट बंद केलं, मग घरी गेले. आज सकाळी तीच फाइल पेनड्राइव्हवर घातली."

"मॅडम, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही," जावई म्हणाले.

मालकांना हे वाक्य फार आवडलं. त्यांनी ते एकदा स्वतः म्हणून पाहिलं. मग म्हणाले, "जावईबापू, तीन वाजेपर्यंत लेखी अहवाल द्या. ज्याची चूक, त्याने उद्यापासून यायचं नाही."

बाईंना एकच गोष्ट खटकत होती. पोटातला संगणक मंगळवारी सुरू केला तेव्हा त्याने "स्वागत आहे, नवीन काय ते पाहा" असं म्हटलं होतं आणि त्यांनी "पुन्हा दाखवू नका" वर खूण केली होती. आज सकाळी त्याने पुन्हा तेवढ्याच आपुलकीने स्वागत केलं होतं.

जावई साडेअकराला बाईंच्याच खुर्चीत बसले. सॉफ्टवेअरमधली चित्रं पुरावा म्हणून जोडायची होती, म्हणून अहवालही त्यांनी पोटातल्या संगणकातच लिहायला घेतला. दीड तास ते लिहीत होते. "निष्काळजीपणा" हा शब्द त्यांनी बाईंना विचारून शुद्ध करून घेतला. नऊ पानं झाली. एक वाजता जेवणाची घंटा झाली. जेवणाच्या सुट्टीत सगळी बटणं बंद, हा मालकांचा जुना नियम.

"सेव्ह केलंत ना?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, मी काय नवीन आहे?"

"नाही, नियम आहे म्हणून म्हटलं. नीट बंद करा."

त्यांनी नीट बंद केलं.

अडीच वाजता मालक, मिस्त्री आणि बाई टेबलाभोवती उभे राहिले. सात मिनिटांनी पोटातला संगणक जागा झाला. "स्वागत आहे," तो म्हणाला, "नवीन काय ते पाहा." नवीन काहीच नव्हतं. जावयांनी इथे पाहिलं, तिथे पाहिलं, कचऱ्याच्या टोपलीतही पाहिलं.

"मी लिहिला होता," ते म्हणाले. "नऊ पानं. शप्पथ, बाबा! सेव्ह केलं, नीट बंद केलं—"

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही," मालक म्हणाले. त्यांच्या तोंडून ते सवयीनेच निघालं. अर्थ नंतर पोचला. "जावईबापू, तुम्ही याला केलंय तरी काय?"

जावयांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सोय केलीय. कुणी आत काही बिघडवू नये म्हणून. बंद केलं की ते आपोआप... सोमवार संध्याकाळसारखं होतं."

"रोज?"

"रोज."

"म्हणजे या आतल्या खोलीत सोमवारनंतर मंगळवार येतच नाही," मिस्त्री म्हणाले. जिन्याखालच्या जुन्या संगणकावर त्यांचा डबा ठेवलेला असे. त्यांनी डबा उचलला, संगणकावरची धूळ फडक्याने पुसली आणि वायर लावली. संगणक घरघरला. बाईंनी खुर्ची ओढली आणि झाकणाची नवी, पाचवी फाइल उघडली.

पावणेचारला मालक काचेमागे उभे होते. उद्यापासून कुणी यायचं नाही, ते त्यांनी अजून सांगितलं नव्हतं. नवा ठोकळा कुठून येणार ते कुणाला माहीत नव्हतं. फाटकापाशी गाडीचा हॉर्न वाजला.

तोवर अहवाल सापडलेला नव्हता. भोक मात्र होतं तिथेच होतं.