बझर कोण दाबणार?

तीन रात्री साधनाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. मुलीला सगळं येत होतं, हीच तर काळजी होती. (काही न येणाऱ्या मुलीची काळजी निदान चार जणींना सांगता तरी येते.) पाचवीतल्या अर्पिताला राजधान्या पाठ, शोध पाठ, नद्यांचे उगम पाठ, पण क्विझच्या स्टेजवर बझर समोर आला, की तिचे दोन्ही हात मांडीखाली जात. तालुक्याच्या फेरीत जोड्या होत्या, म्हणून निभावलं. अर्पिता कानात उत्तर सांगायची, बटण तिची जोडीदार पायल दाबायची. जिल्ह्याच्या फायनलला मात्र ज्याचं त्यानेच दाबायचं होतं.

"एकदा दाबून तर बघ गं!"

"चुकलं तर सगळे हसतील, मम्मी."

ही भीती साधनाच्या ओळखीची होती. भाजीवाल्याला 'मेथी शिळी आहे' म्हणायला तिला स्वतःला दोन आठवडे लागले होते.

तिचा नवरा भागवत एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन. त्याने घराच्या बेलचं बटण दारावरून काढून थेट जेवणाच्या टेबलावर बसवलं. "आता रोज प्रॅक्टिस. भ्यायचं काम न्हाई."

प्रॅक्टिस सुरू झाली. भागवत प्रश्न वाचायचा, अर्पिता मांडीखाली हात घालून ऐकायची आणि 'बघ, असं दाबायचं' म्हणत साधना दाबायची. बेल वाजली रे वाजली, की सासूबाई गुडघे धरत दाराकडे निघायच्या.

"कोन आल्तं गं?"

"कुणी नाही आई, नाईल नदी."

"मंग आत घे की तिला. उन्हात उभी कशाला करून राह्यली?"

महिनाभरात अर्पिताने बटणाला बोट लावलं नाही. साधनाचा हात मात्र इतका बसला, की भागवतने प्रश्नासाठी श्वास घेतला तरी ती दाबून मोकळी.

फायनल नवीन जालन्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. साधना आणि भागवत दुसऱ्या रांगेत. आठ प्रश्न झाले. अर्पिताचे हात मांडीखाली, गुण शून्य.

क्विझ घेणाऱ्या राधेश्याम सरांनी नववा प्रश्न काढला. "समर्थ रामदासांचा जन्म ज्या गावी झाला..."

साधनाचा पंजा भागवतच्या गुडघ्यावर धाडकन आदळला. "जांब समर्थ!" (एवढा आवाज आपल्या बायकोत आहे, हे भागवतला बारा वर्षांत माहीत नव्हतं.)

सरांनी चष्मा काढला. "ताई, प्रश्न पुरा तर होऊ द्या! ते गाव कोणत्या तालुक्यात आहे, असं विचारून राह्यलो होतो मी. घनसावंगी. प्रेक्षकांतून आवाज आला, प्रश्न रद्द. आणि उत्तरबी तुमचं चूक."

अख्खा हॉल खदखदून हसला. भागवतही, गुडघा चोळत.

"नियम आहे ताई, बाहेर थांबा."

साधना बाहेर पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभी राहिली. पोरीचं करिअर आपण पाचवीतच संपवलं, याबद्दल तिला शंका उरली नव्हती. आता शाळा बदलावी, की थेट गावच बदलावं?

आतून बझर वाजला. "हं, अर्पिता!"

साधनाने टाकीचा नळ घट्ट धरला.

"चूक!" सर म्हणाले. हॉल थोडा हसला. आता संपलंच, असं साधनाला वाटतंय तोच पुन्हा बझर. पुन्हा अर्पिता! "बराबर!" मग पुन्हा. आणि लोणारचं सरोवर कशामुळे झालं, या शेवटच्या प्रश्नाला तिचा आवाज खणखणीत बाहेरपर्यंत आला, "उल्का पडल्यामुळे!"

दुसरा नंबर. पहिल्या दोघांना संभाजीनगरची विभागीय फेरी.

प्रमाणपत्र फडफडवत अर्पिता पळत आली. साधनाने तिला पोटाशी धरलं. "सॉरी बेटा. पुढच्या वेळी मी घरीच बसेन. शप्पथ."

"न्हाई न्हाई, संभाजीनगरलाबी तूच ये!" अर्पिता घाबरून म्हणाली. "पहिलं चूक उत्तर तूच दे. सगळे तुला हसून घेतात, मंग मला भीती वाटत न्हाई. फक्त जरा जल्दी दे, मम्मी. आज तुझ्यापायी माझे आठ प्रश्न वाया गेले."