पान सात: काहीही करू नका

जगात जेवढे म्हणून घोटाळे होतात, ते सगळे सूचना नीट न लिहिल्यामुळे होतात, असं माझं ठाम मत आहे. आणि सूचना लिहिण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! वॉशिंग मशीनबरोबर जी माहितीपुस्तिका येते ना, जी तुम्ही न वाचता ड्रॉवरमध्ये टाकता, ती लिहायची माझी नोकरी आहे. अठरा वर्षं झाली. त्यामुळे दिवाणखान्यात पाचशे लिटरचा समुद्र उभा करायचं मी ठरवलं, तेव्हा मला तिळमात्र शंका नव्हती.

साधी माशांची पेटी नव्हे बरं का! खरं प्रवाळ, खारं पाणी, आतले खडकसुद्धा जिवंत. वर मोठी काचेची टाकी, खाली कपाटात एक लहान टाकी. वरचं पाणी खाली उतरतं, गाळून निघतं आणि पंप ते एका पाइपातून पुन्हा वर चढवतो. सहा आठवडे मी नुसतं पाणी सांभाळलं. क्षार मोजले, तापमान मोजलं, आणि आत एक मासा नाही! पाहुणे येऊन रिकाम्या टाकीकडे बघायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. मी ढिम्म हललो नाही.

बायकोने मात्र पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "अहो, खाली डॉक्टरांचा दवाखाना आहे. एक थेंब, फक्त एक थेंब जरी त्यांच्याकडे गेला, तरी ही टाकी या घरात राहणार नाही."

"अगं, थेंब? माझ्या टाकीतून?" मी हसलो. "लिहून देतो!"

"द्या," ती म्हणाली. दिलं! सही करून, तारखेसकट. बायको परीक्षा विभागात काम करते. छापील सूचनेच्या बाहेर ती एक पाऊल टाकत नाही आणि दुसऱ्याला टाकू देत नाही. आमचं लग्न टिकलंय ते याच एका गुणावर.

मग मासे आले. नारिंगी पट्ट्यांची एक जोडी आणि एक निळा, जो दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासणी करत फिरायचा. सासूबाई मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून आमच्याकडेच होत्या. नवी नजर कुठे वापरायची हा त्यांना प्रश्नच होता. त्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसल्या त्या बसल्याच! निळ्याचं नाव त्यांनी 'इन्स्पेक्टर' ठेवलं आणि काचेवरून सरपटणाऱ्या जाड गोगलगाईचं 'पेन्शनर'. मीही संध्याकाळी ऑफिसातून आलो की बूट न काढताच तिथे उभा राहायचो. प्रवाळाच्या फांद्या पाण्यात डोलायच्या आणि दिवसभराचा शीण उतरून जायचा. अठरा वर्षं दुसऱ्यांची यंत्रं समजावून सांगणाऱ्या माणसाची ही स्वतःची अशी पहिलीच गोष्ट होती. खोटं कशाला सांगू, जीव जडला होता!

आता सगळं नीट चाललंय म्हटल्यावर माणसं हात घालतातच. एका रविवारी बायकोने इस्त्रीसाठी पंपाचा प्लग काढला आणि परत लावायला विसरली. मी जो काही अर्धा तास बोललो! त्याच आठवड्यात मी टाकीची माहितीपुस्तिका लिहून काढली. चोवीस पानं, अनुक्रमणिका, आकृत्या. पान सात सगळ्यात महत्त्वाचं: 'वीज गेल्यास किंवा पंप बंद पडल्यास: काहीही करू नका.'

"काहीही म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

"काहीही म्हणजे काहीही, आई! पंप थांबला की वरचं पाणी पाइपातून उलटं खाली यायला लागतं. पण पाइपाला पाण्याच्या पातळीच्या किंचित वर हे बारीक भोक ठेवलंय बघा. पाणी बोटभर उतरतं न उतरतं तोच त्या भोकातून पाइपात हवा शिरते आणि पाणी आपोआप थांबतं. खालच्या टाकीत तेवढी जागा ठेवलेली आहे. माणसाने मध्ये पडायचंच नाही!"

दोघींकडून मी 'वाचले, समजले' अशा सह्या घेतल्या. पुस्तिका दोरीने कपाटाला टांगली.

आता एक किरकोळ गोष्ट. त्या भोकातून पाण्याची एक बारीक चिळकांडी उडायची ती नेमकी वरच्या दिव्यावर. दिव्यावर मिठाचे पांढरे डाग! माझ्यासारख्या व्यवस्थित माणसाला ते कसं सहन होणार? शनिवारी मी चिमूटभर पुट्टी घेतली आणि हे काम पाच मिनिटांत मार्गी लावलं. दिवा लख्ख झाला. विषय संपला.

मंगळवारी दुपारी मी ऑफिसात 'कपडे वाळवताना घ्यायची काळजी' लिहीत होतो. बायकोची सुट्टी होती. तिचा फोन आला.

"अहो, वीज गेलीये."

"जाऊ दे."

"पंप बंद झालाय. खालच्या टाकीतलं पाणी वर चढतंय."

"चढणारच! पान सात काढ."

"काढलंय. काहीही करू नका."

"मग?"

"तेच करतोय. मी आणि आई दोघीही."

"शाब्बास!" मी म्हणालो आणि फोन ठेवला. बाजूच्या टेबलावरच्या चित्रकाराला मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणालोसुद्धा, "याला म्हणतात सूचना लिहिणं!"

पाच मिनिटांनी पुन्हा फोन.

"अहो, पाणी काठावर आलंय."

"आता थांबेल."

"नाही थांबलं. कपाटातून बाहेर यायला लागलंय."

मी खुर्चीतून उठलो. "बाहेर म्हणजे कुठे?"

"माझ्या पायापर्यंत. आई पाय वर घेऊन बसलीये. इन्स्पेक्टर घाबरलाय म्हणते. काय करू?"

"अगं, काहीतरी कर!"

"काहीतरी कुठल्या पानावर आहे?"

"पान गेलं खड्ड्यात! पाइप वर उचल!"

"पान सोळावर लिहिलंय, 'पाइपाला कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये.' खाली जाड रेघ मारलीये तुम्ही. दोनदा!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी फोन कानाला तसाच धरून जिना उतरलो, रिक्षा पकडली आणि "आता कुठपर्यंत आलं? आता कुठपर्यंत आलं?" असं सारखं विचारत सुटलो. रिक्षावाल्याला वाटलं मी रस्त्याबद्दल विचारतोय. तोही दर चौकात इमानेइतबारे सांगत होता!

इकडे काय झालं ते मला नंतर कळलं. खाली दवाखान्यात एक गृहस्थ खुर्चीत आडवे होते, तोंड आ वासून. डॉक्टर बॅटरीच्या दिव्यात दात तपासत होते. तेवढ्यात छतावरून टप्पकन एक थेंब पडला. नेमका तोंडात!

"डॉक्टर," ते गृहस्थ म्हणाले, "गुळण्या आत्ताच करायच्या का? पाणी खारट आहे म्हणून विचारलं."

डॉक्टरांनी वर पाहिलं. दुसरा थेंब त्यांच्या चष्म्यावर पडला. ते तसेच मास्क लावून दोन-दोन पायऱ्या चढत आमच्या दारात आले.

"माझ्या पेशंटच्या तोंडात समुद्र पडतोय!"

"हो," बायको शांतपणे म्हणाली आणि तिने पान सात त्यांच्यासमोर धरलं.

डॉक्टरांनी पान वाचलं, टाकीकडे पाहिलं, बाही वर केली आणि पाइपाचं तोंड पाण्याबाहेर उचललं. गुर्र असा आवाज झाला आणि पाणी जागच्या जागी थांबलं! "आम्ही दिवसभर नळीने तोंडातलं पाणीच ओढत असतो," ते म्हणाले. "नळीत हवा गेली की ओढणं बंद. यात काय मोठंसं?"

मी पोचलो तेव्हा सत्तरेक लिटर समुद्र दिवाणखान्यात पसरला होता. वरच्या खडकावरचं प्रवाळ पाण्याबाहेर पडून मलूल झालं होतं. मी आधी साठवलेलं खारं पाणी टाकीत भरलं, वीज आल्यावर पंप सुरू केला आणि लगेच चौकशी सुरू केली.

"पेन्शनर!" मी जाहीर केलं. "ही गोगलगाय भोकावर जाऊन बसली असणार. माझ्या रचनेत दोष नाही. हा कर्मचाऱ्यांचा हलगर्जीपणा आहे."

"जावईबापू," सासूबाई खुर्चीवरून पाय खाली न घेताच म्हणाल्या, "पेन्शनर शनिवारपासून समोरच्या काचेवर आहे. एक वीतभर सरकलाय फक्त. मी बघत्येय ना!"

"मग भोक बंद कोणी केलं?"

पेशंटला मोकळं करून पुन्हा वर आलेल्या डॉक्टरांनी पंप थांबवला आणि पाइप उजेडात धरला. टोकदार हत्याराने भोक खरवडलं, तसा एक पांढरा गोळा बाहेर आला. "छान भरलंय," ते व्यावसायिक कौतुकाने म्हणाले. "कडा अगदी गुळगुळीत. कोणाचं काम?"

पुट्टीवर माझ्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट दिसत होता. बायकोने आतून माझा सही केलेला कागद आणला आणि ओल्या टेबलावर ठेवला. मी काही बोलायच्या आत डॉक्टर म्हणाले, "माझ्या वेटिंग रूममध्ये जागा आहे. पेशंट घाबरलेले असतात, बरं वाटेल त्यांना."

दोन दिवस आणि पाच माणसं लागली, पण टाकी खाली गेली. पहिल्या रात्री दिवाणखान्याचा तो कोपरा इतका रिकामा दिसत होता की मी खुर्ची फिरवून बसलो. प्रवाळ मात्र खाली चांगलंच फुललं. सासूबाई रोज अकराला खाली जातात. त्यांना कोणी अडवत नाही. मला मात्र कारण लागतं!

सोमवारी मी गालाला हात लावून वेटिंग रूममध्ये बसलो होतो. ही चौथी खेप. डॉक्टर दारात आले.

"आज कुठला दात?"

"वरचा डावा."

"तो मागच्या आठवड्यात झाला."

"मग उजवा."

डॉक्टर हसले. "अहो, तुमचे दात ठणठणीत आहेत. मासे बघायचेत तर खुशाल या, रोज या, हवं तेवढा वेळ बसा."

मला खरंच भरून आलं. मी आभार मानायला उठलो.

"फक्त एक करा," ते म्हणाले. "खिशातली ती पुट्टी रिसेप्शनवर ठेवून या."

मी निमूट ठेवली. पण तुम्हाला म्हणून सांगतो, त्यांच्या नव्या पाइपाच्या भोकातून एक बारीक चिळकांडी उडते. थेट भिंतीवरच्या कॅलेंडरवर! पाच मिनिटांचं काम आहे.