इवाकाबे सरांची लाल गोळी

दंतआरोग्याच्या तासाला नववीच्या पोरांनी लाल गोळी चघळली आणि हातातल्या आरशात दात पाहिले. जिथे ब्रश पोचत नाही तिथे हा रंग चिकटतो. मिनोरीच्या दातांना तो अंमळ जास्तच चिकटला, आणि आजच तास पाहायला आलेले पालक मागच्या भिंतीशी उभे होते.

"हे बघा ध्यान!" इवाकाबे सरांनी तिला उभं केलं. "तोंड आहे का लोणच्याची बरणी? आणि म्हणे आरोग्य समितीत!"

मिनोरीने तोंडावर हात दाबला. मासळीच्या कारखान्यातून अर्धी रजा काढून आलेली तिची आई पायातल्या सपाता न्याहाळू लागली. दात साखरेने किडतात. शरमेने ते स्वच्छ झालेले कुणी पाहिलेत? पण लाज काढणं म्हणजेच शिकवणं, असं समजणारी जमात सगळीकडे असते.

"आई, मी तासानंतर वर्गाच्या फोटोला नाही येणार," मिनोरी हाताआडून म्हणाली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून केइगो ओरडला, "सर, तुम्ही पण खा की एक!"

पालक हसले. पालकांसोबत उभ्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "खाच, सर. मुलांना हुरूप येईल."

आता नाही कसं म्हणणार? रोज शाळेत जेवणानंतर पोरं दात घासायची तेव्हा सर शिट्टी घेऊन पहारा करत. तोंडात शिट्टी, ब्रश जाणार कुठून?

सरांनी गोळी चघळली. दात लाल, हिरड्या लाल, जीभ लाल.

"अगं बाई, उंदीर खाल्लेलं मांजर!" कुणाची तरी आजी म्हणाली.

सर बेसिनकडे पळाले. खसाखसा घासलं. दात राहिले बाजूला, ओठही रंगले. मागे चूळ भरायला अख्खा वर्ग ताटकळला.

"सर, आटपा ना! फोटोवाला बोलावतोय!"

मग काय, पोरं तशीच लाल दातांनी निघाली. मिनोरीला आईने पाठीत ढकललं. "चल. तुझ्याहून लाल माणूस आहे तिथं."

सर मास्क लावून मधोमध बसले.

"मास्क काढा, सर," फोटोवाला म्हणाला.

सरांनी मास्क काढून ओठ घट्ट मिटले. शेजारी मिनोरी, हात अजून तोंडावर. सरांनी मान खाली घातली.

"मघाशी... चुकलं माझं," ते मिटल्या ओठांनी पुटपुटले.

"ऐकू नाही आलं, सर. तोंड उघडून बोला ना," मिनोरी म्हणाली.

सरांनी तोंड उघडलं. मिनोरीला असं हसू फुटलं की हात आपोआप खाली आला.

फोटोवाल्याने तेवढ्यात बटण दाबलं.