जानूमामा, बॅले स्पेशालिस्ट

जव्हारच्या बाजारात शिवणकामाची पाच-सहा दुकानं असतील, पण ‘बॅले ड्रेस स्पेशालिस्ट’ अशी पाटी एकाच दुकानावर आहे. खाली बारीक अक्षरात ‘शाळेचे गणवेश, पिको-फॉल’. बॅले म्हणजे पायांच्या बोटांवर उभं राहून करायचा परदेशी नाच. तो जव्हारात कुणी केलेला नाही, मोखाड्यात कुणी बघितलेला नाही. पाटी लावून इतकी वर्षं झाली, पण तसला ड्रेस शिवायला काळं कुत्रंसुद्धा आलेलं नाही. जानूमामांना त्याचं काहीच नाही.

मामा मूळचे मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचे. तरुणपणी मुंबईला गेले आणि नाटकांना कपडे भाड्यानं देणाऱ्या एका ड्रेसवाल्याकडे वीस वर्षं मशीनवर बसले. तिथून कपडे नेणाऱ्या एक पारशी बाई मुलींचा बॅलेचा क्लास घ्यायच्या. त्या पोरींचे जाळीचे झगे मामा शिवायचे आणि बाई चित्रांचं पुस्तक उघडून त्यांना इतिहास सांगायच्या. तो सगळा इतिहास मामांनी एस्टीत घालून जव्हारला आणला. आता साधा उशीचा अभ्रा शिवायला न्या, तरी सुटका नाही.

“इतिहास ऐका, बाई,” म्हणून सुरू होतात. मी स्वतः शाळेत शिकवते, पण त्यांच्यापुढे निमूट बसते. “आधी नाचणारीचा झगा जमिनीवर लोळायचा. पाय हाय का नाय, कळायचंच नाय. मंग एकीनं कात्री लावली, घोटे दाखवले. केवढी बोंबाबोंब! मंग आली जाळी, पोटरीपर्यंत. मंग गुडघा. मंग तं झगा कमरेला आडवाच उभा राहिला, ताटासारखा. अन् आमच्या बाया? भात लावताना लुगडं गुडघ्याच्या वर! पॅरिसवाल्यांना हे कळायला दोनशे वर्षं लागली हो!”

त्यांच्या मते जगातली निम्मी फॅशन नाचाच्या स्टेजवरून खाली उतरली. बाजाराच्या दिवशी एखादी पोर बेली, म्हणजे ते सपाट बंद बूट, घालून चालली की भर रस्त्यात ओरडतात, “नाचातली चप्पल हाय ती!” वाढदिवसाचा जाळीचा फ्रॉक दिसला की “नाचणारीचा झगा, लहान केलेला.” एका लग्नात तर फोटोग्राफरला बाजूला सारून त्यांनी नवरीच्या गाऊनचा घेर मोजला. नवरीची आई बघतच राहिली. मामा म्हणाले, “चालू द्या तुमचं.”

यंदा गॅदरिंगला मी परीचं गाणं बसवलं. बारा पोरी, बिनबाह्यांचे पांढरे जाळीचे फ्रॉक. म्हटलं, मामांना एकदाची त्यांची ऑर्डर मिळेल, खूश होतील. पोरींची नावं आणि वयं लिहून यादी नेली. मामांनी ती वाचली आणि माझ्या हातात परत कोंबली.

“वयावर मी शिवत नाय. पोरी दाखवा.”

“अहो मामा, सगळे वयावरच शिवतात!”

“शिवू द्या. मी नाय.”

असा राग आला मला! पण दुसऱ्या दिवशी हा माणूस टेप गळ्यात घालून एस्टीनं आमच्या शाळेत हजर. व्हरांड्यात पोरींची रांग लावली. उंची घेतली, कंबर घेतली आणि मग प्रत्येकीचा दंड मोजायला लागले.

“मामा, फ्रॉकला बाह्याच नाहीत. दंड कशाला? हेपण इतिहासात आहे का?” मी म्हटलं. पोरी फिदीफिदी हसल्या. मामा हसले नाहीत.

रंजनाच्या दंडाला त्यांनी दोनदा टेप लावली. सव्वापाच इंच. नऊ वर्षांची पोर.

“हिला झगा नंतर,” ते हळूच म्हणाले. “आधी दवाखाना.”

“रोज माझ्या डोळ्यांसमोर असते ती,” मी फणकारले. “मला कळलं नसतं का?”

खरं सांगते, नव्हतं कळलं. रंजनाला मी मुद्दाम मधली परी केली होती, कारण ती हलकी होती. बाकीच्या पोरींना उचलायला सोपी. हे लिहितानाही लाज वाटते.

तिचे आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर होते. तिच्या आत्याला घेऊन आम्ही त्याच दुपारी जव्हारच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, कुपोषण आहे, दंडावरूनच कळतं; ठेवून घ्यावं लागेल, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. रंजनाला आत नेलं आणि मी नि मामा बाकावर बसून राहिलो.

“माझी एक पोर होती, बाई,” मामा म्हणाले. “सुमन. मी मुंबईत, ती पाड्यावर आईजवळ. तीन वर्षांची झाली तवा क्लासातल्या पोरींसारखा झगा शिवला तिला. ड्रेसवाल्याकडं तक्ता होता, तीन वर्षं म्हंजे छाती एवढी, कंबर एवढी. तक्ता बघून शिवला. होळीला घेऊन आलो. घातला तं खांद्यावरनं सरकून पायात पडला.”

गळ्यातली टेप काढून ते ती बोटांना गुंडाळायला लागले.

“ती हसली. मीपण हसलो. म्हटलं, मोठी झालीस का घाल. शिंपी मी, बाई! माप डोळ्यांसमोर उभं होतं, अन् मी हसत बसलो.”

त्या वर्षी भातकापणीच्या आधीच सुमन गेली. मला रडूच कोसळलं. मामाच उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आले.

गॅदरिंगला परीचं गाणं अकरा पोरींनी केलं. मामा बघायला आले नाहीत. रोज दुपारी दुकानाला कुलूप लावून ते रंजनाच्या खाटेजवळ जाऊन बसायचे. तिला भरवायचे आणि वर इतिहासही ऐकवायचे. पोर बिचारी झोपल्याचं सोंग करायची.

तीन आठवड्यांनी मी गेले, तेव्हा मामा खिशातून टेप काढत होते. त्यांनी ती रंजनाच्या दंडाला गुंडाळली, अंगठ्यानं दाबून धरली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

“तुम्ही वाचा, बाई. मला नाय बघवत.”

मी वाकून बघितलं. “साडेपाच.”

टेप सुटली नव्हती.

“मामा, पाव इंच वाढलाय.”

“परत वाचा,” ते म्हणाले.

मी परत वाचलं. तरी त्यांनी तोंड इकडे केलं नाही.